सावलीतलं गवत

निरीक्षकसाहेबांनी टेप काढली आणि माझ्या गवताची मापं घ्यायला सुरुवात केली. सकाळचे सहाही वाजले नव्हते. टेम्पो फाटकाशी उभा, त्यात हिरवळीच्या वळकट्या रचलेल्या, आणि हा गृहस्थ एकेक वळकटी उलगडून लांबी-रुंदी बघतोय. आमच्याकडच्या उन्हाळ्यात वळकटी तासभर जास्त गुंडाळलेली राहिली की आतून तापते आणि मुळं शिजतात. माझा जीव वरखाली होत होता.

"अहो साहेब, गवत आहे हे, कापड नाही. ऊन चढायच्या आत अंथरून झालं पाहिजे."

"ही अर्धा इंच आखूड आहे, माळीबुवा."

"मी माळी नाही. मी हिरवळ अंथरतो."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. साहेबांचा सगळा जन्म वजनमापं खात्यात गेलेला. दुकानदारांचे तराजू तपासता तपासता निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही.

आठवड्यापूर्वी ते आमच्या रोपवाटिकेत आले होते तेव्हा मी त्यांना दोन जाती दाखवल्या होत्या. एक बारीक पात्याची, चिवट, उन्हावरच पोसणारी. दुसरी रुंद पात्याची, मऊसूत, झाडाखाली छान पसरणारी. पण दुपारचं ऊन लागलं की दोन दिवसांत करपून जाते. सगळ्यांना विचारतो तसं त्यांनाही विचारलं, "अंगणात सावली कुठे पडते?"

"कुठेच नाही," ते जरा जास्तच घाईने म्हणाले. "सावली नाहीच." मग आवाज उतरवून पुढे म्हणाले, "मुलगी यायचीये माझी. दोन वर्षांनी. दीड महिना आहे हातात. फाटकातून आत पाऊल टाकल्यावर तिला सगळं हिरवं दिसलं पाहिजे. मातीचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये."

अंगण खरंच तळहातासारखं उघडं होतं. म्हणून बारीक पात्याचं गवत घेतलं. आदल्या दिवशी खणताना मधोमध कुदळ एकदम आत गेली. बाकी जमीन दगडासारखी आणि तेवढी जागाच भुसभुशीत. मी विचारलं, "इथे खड्डा बुजवलाय का?" साहेब म्हणाले, "असेल. जुनं घर आहे." मी तिथे माती जास्त भरली, पाणी मारून चोपून घेतली, वरून खत आणि वाळू पसरली आणि दुसऱ्या दिवशी, साहेबांची मापं उरकल्यावर, पट्टे अंथरायला घेतले. विटांची भिंत रचतात तसे, सांध्यावर सांधा येऊ न देता, एकमेकांना घट्ट भिडवून. नऊच्या आत काम उरकलं. पंधरा दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, पहाटे आणि संध्याकाळी भरपूर पाणी द्यायचं, एवढं बजावून मी घरी आलो आणि गुडघ्यांना तेल चोळत बसलो. तीस वर्षं गुडघ्यांवर रांगून काढली आहेत मी. बायको म्हणते, तान्हं पोरसुद्धा वर्षभरात उभं राहतं, तुम्ही कधी राहणार?

नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला. "माळीबुवा, मध्ये पिवळं पडलंय. गोल."

मी दुपारीच गेलो. बाकीचं अंगण हिरवंगार, आणि मधोमध दहाएक पावलांचा एक गोल फिकट पडलेला. मला वाटलं, पाणी कमी पडलं. खाली बसून पट्ट्याचं टोक उचकटून पाहिलं. मुळं धरलेली होती, माती चांगली ओली होती. तहानलेलं गवत निळसर दिसतं, कडा वळतात. हे तसं नव्हतं. पाती लांब, बारीक, रंग उडालेली, बुडाशी विरळ, सगळी वर कशाकडे तरी माना काढून उभी. तीस वर्षांत असं गवत मी शेकडो वेळा पाहिलंय. दाट झाडाखाली, उंच भिंतीआड. ऊन न मिळाल्यामुळे मरणारं गवत आहे ते. आणि तसं व्हायलासुद्धा महिना-दीड महिना जातो.

मी वर बघितलं. वर पांढरं पडलेलं आभाळ होतं, दुसरं काही नाही.

मग लक्षात आलं की माझ्या पाठीवरचा घाम वाळला होता. मानेला गार लागत होतं. मी उठून दोन पावलं बाजूला झालो, तर ऊन थोबाडीत मारल्यासारखं लागलं. परत आत आलो, गार. वारा अजिबात नव्हता, आणि तरी वरून कुठून तरी वाळलेल्या शेंगा खुळखुळल्यासारखा आवाज येत होता. मी घाबरलो.

"साहेब, जरा इथे येऊन उभे राहा."

ते आले. माझ्या शेजारी, त्याच गोलात.

"काही वाटतंय?"

"काय वाटायचंय? डोकं भाजतंय," म्हणत त्यांनी रुमालाने टक्कल पुसलं. कपाळावरून धारा लागल्या होत्या. मी माझा कोरडा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला आणि पटकन सोडला. आत जाऊन तापमापक घेऊन आले. आधी गोलाबाहेर धरला, मग गोलात. दोन्हीकडे चव्वेचाळीस. त्यांचा त्या काचेच्या नळीवर माझ्या हातापेक्षा जास्त विश्वास असणार असं मला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. ते नळीकडे बघतच राहिले.

"इथे काय होतं, साहेब?"

"शिरीष," ते म्हणाले.

साहेबांच्या बायकोने लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड. मुळांनी कुंपणाची भिंत तीन इंच उचलली होती; साहेबांनी ती मापून ठेवली होती. शेंगांचा कचरा, पानांचा कचरा, रोजची कटकट. ती अकरा दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी त्यांनी तोडणारे बोलावले.

"ती घरी असती तर तोडू दिलं नसतं तिने. म्हणूनच तेव्हा बोलावले." साहेब माझ्याकडे न बघता बोलत होते. "घरी आली, फाटकात उभी राहिली. म्हणाली, ऊन फार आलंय अंगणात. एवढंच. त्यानंतर चार महिने जगली, पण अंगणात पाऊल टाकलं नाही. एकदा भांडली असती तरी चाललं असतं हो."

"आणि मुलगी?"

"आई गेली तेव्हा आली. अंगण बघितलं. म्हणाली, आईला हे दाखवलंत तुम्ही? आणि गेली ती आत्ता येतेय." त्यांनी पायाखालच्या फिकट गवताकडे पाहिलं. "तुम्हाला गार लागतं. मला का नाही लागत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कुणाच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर मी इथे सावलीतलं गवत लावलं असतं."

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, उन्हाने डोकं फिरलंय तुमचं, टोपी घालत जा. पण दोन दिवसांनी मी तो गोल खरवडून काढला आणि रुंद पात्याचं गवत अंथरलं. भर उन्हात, चव्वेचाळीस डिग्रीत! आमच्या रोपवाटिकेच्या मालकाने मला वेड्यातच काढलं. ते गवत संध्याकाळपर्यंत करपायला हवं होतं. करपलं नाही. आठवड्यात त्याने असं मूळ धरलं की टोक ओढून पाहिलं तर पट्टा हलला नाही, माझ्या हातात नुसती पाती आली.

पंधरा दिवस झाल्यावर साहेब रोज दुपारी बाराला तिथे खुर्ची टाकून बसू लागले. मी पाणी बघायला जायचो तेव्हा ते लालबुंद होऊन बसलेले असायचे.

"अहो, चक्कर येऊन पडाल. आत बसा."

"आज काहीतरी वाटल्यासारखं झालं होतं," ते म्हणायचे. मग लगेच, "नाही. ढग आला असेल." ढग तर महिनाभर कुणी पाहिला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता, झाड तोडलं म्हणून. पण मी त्यांच्या खुर्चीशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचो.

मुलगी आली त्या दिवशी मी पहिली कापणी करायला गेलो होतो. बारा वाजत आले होते, मी पाण्याचा पाइप गुंडाळत होतो. फाटकाशी गाडी थांबली. चाळिशीची बाई, हातात एक बॅग, डोक्यावर उन्हाची छत्री. साहेब पायरीवर इस्त्रीच्या सदऱ्यात उभे.

"सगळं हिरवं केलंय बघ," ते म्हणाले.

तिने बॅग खाली ठेवली आणि ती गवतावरून सरळ चालत निघाली. बारीक पाती संपून रुंद पाती सुरू होतात तिथे आल्यावर तिने छत्री मिटली. न बघता, न थांबता. झाडाखाली आल्यावर माणूस छत्री मिटतो तशी. पुढे दोन पावलं गेली आणि मग हातातल्या मिटलेल्या छत्रीकडे तिचं लक्ष गेलं. तिने वर पाहिलं. बराच वेळ ती तशीच मान वर करून उभी होती. मग चपला काढल्या आणि खाली बसली.

"बाबा, इकडे या."

साहेब आले. नव्या गवताला दुखू नये असं पाऊल टाकत आले आणि गुडघे धरून तिच्या शेजारी बसले. तिच्या कपाळावरची बट हलत होती. वाऱ्याचा मागमूसही नव्हता. साहेबांच्या डोक्यावर मात्र तेच बाराचं ऊन होतं.

"आई इथेच बसायची ना, निवडत-टिपत?"

"हो. इथेच."

"किती गार आहे इथे." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला लागतंय ना, बाबा?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पाइप गुंडाळू लागलो.

"हो तर," ते म्हणाले. "गारच आहे."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सदरा पाठीला चिकटला होता, घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. रुमाल त्यांच्या हातातच होता. तिला कळू नये म्हणून त्यांनी घाम पुसला नाही.