बाकाची चौकट

आनंदराव तसे खोटं बोलणारे नव्हेत. अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच बोलले, आणि तेही नेमकं कॉम्प्युटरसमोर. माणसाला थाप मारली तर तो तोंडाकडे बघतो, समजून घेतो, सोडून देतो. कॉम्प्युटर सोडतो होय! त्याने ते खरं धरलं आणि पुढच्या आठवड्यापासून तसा वागायला लागला.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं कृत्रिम पायांचं केंद्र आहे. पाय गेलेली माणसं कुठून कुठून तिथं येतात आणि महिन्या-दीड महिन्याने नव्या पायावर चालत घरी जातात. नोंदणीच्या टेबलावर आनंदराव. त्यांचा स्वतःचा डावा पायही गुडघ्याखाली त्याच वर्कशॉपमधला, पण पँट आणि बूट चढवले की कोणाला पत्ता लागत नाही. सप्टेंबरअखेर ते रिटायर होणार होते. जूनमध्ये केंद्राच्या प्रमुख इंदुताईंनी धरमपेठेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीचा प्रशिक नावाचा पोरगा आणून त्यांच्या शेजारी बसवला.

"आनंदराव, आपलं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत याला सांगा," ताई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर आम्हाला कोण सांगणार?"

पोरगा गुणी होता. 'जय भीम, काका' म्हणून त्याने स्टूल ओढलं आणि लॅपटॉप उघडला. पांढऱ्या पडद्यावर त्याने बोटाने एक चौकट ओढून आणली, तीत 'नोंदणी' लिहिलं. तिच्यातून बाण काढला, पुढे 'माप'. मग 'साचा', 'फिटिंग', 'चालण्याचा सराव'. मध्येच एक तिरपी चौकट ठेवली, शंकरपाळीसारखी.

"हे काय होय गा?"

"इथं हो का नाही ते ठरते, काका. माप बरोबर आलं का? हो, तर बाण पुढं. नाही, तर बाण मांगं."

आनंदरावांना मोठी मौज वाटली. आपण अडतीस वर्षं हातात फायली घेऊन या खोलीतून त्या खोलीत पाय घासले, आणि हा पोरगा बसल्या जागी अर्ध्या तासात तेवढं फिरून आला. चौकट सरकवली की बाण आपोआप तिच्यामागे जायचे. त्यांनी स्वतः दोन चौकटी इकडच्या तिकडे करून पाहिल्या.

मग प्रशिकने जुन्या रजिस्टरांतल्या वेळा त्यात भरल्या आणि पहिलीच चौकट लालभडक झाली.

"काका, नोंदणीले दीड तास काहून लागते?"

आनंदरावांनी समोरचं रजिस्टर मिटून टाकलं. बारा वर्षांपूर्वी ट्रस्टचे एक साहेब तपासणीला आले होते. 'नोंदणी लिपिक रुग्णांसोबत चहा पीत बसतात' असा शेरा लाल शाईने मारून गेले. तेव्हापासून आनंदराव तो चहाचा वेळ 'नोंदणी'च्या रकान्यात लपवत आले होते. हा पोरगाही त्या साहेबाचाच कोणी भाऊबंद असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"फॉर्म मोठा आहे ना गा," ते म्हणाले.

झालं! प्रशिकने फॉर्म छोटा केला. आधार कार्डाचा फोटो काढला की नाव, गाव, वय आपोआप भरलं जाई. दहा मिनिटांत माणसाचं नाव मापाच्या खोलीतल्या पडद्यावर झळके, आणि तिथल्या अंकुशने पाच मिनिटांत हाक मारली नाही तर त्याच्या नावापुढे लाल ठिपका येई. अंकुश बिचारा धावत बाहेर यायचा. "एक तास वीस मिनिटं वाचवली, काका," प्रशिक म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुलला होता, की आता खरं काय सांगावं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हातही आपलाच.

खरं म्हणजे फॉर्म एकाच पानाचा होता. वेळ जायचा तो अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर.

त्या बाकावर ते पहिल्यांदा बसले तेव्हा बावीस वर्षांचे होते. सावनेरकडच्या खाणीत कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यात सापडून पाय गेला होता. आई तुळसाबाईने त्यांना जवळजवळ फरफटत इथं आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही त्रास होणार नाही. नर्स म्हणाली, काही दुखणार नाही. शेजारीपाजारी म्हणाले, काही कळणारसुद्धा नाही. सगळ्यांचं गोड गोड ऐकून आनंदरावांनी मनात ठरवलं होतं, की माप देऊन आईचं समाधान करायचं आणि नंतर इथं पाऊल टाकायचं नाही. जगण्यावरच मन नव्हतं, पायाचं काय घेऊन बसलात!

बाकावर दादाजी नावाचा म्हातारा चौकीदार बसला होता. त्याने समोरच्या चंद्रभानच्या टपरीवरून दोन चहा मागवले, एक पोराच्या हातात दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही. अर्धा तास गेला. दुसरा चहा आला. तोही संपला. शेवटी आनंदरावांनाच राहवलं नाही. म्हाताऱ्याच्या धोतराखालचा लाकडी रंगाचा पाय ते केव्हापासून बघत होते.

"दुखते का?"

दादाजीने धोतर वर केलं. "दुखते," तो म्हणाला. "सकाळी लावतानी लई दुखते. मंग कामाले लागलो का इसरून जातो."

एवढंच. पण इतक्या दिवसांत खरं बोललेला तो पहिला माणूस होता. आनंदराव त्याच्या शब्दावर थांबले, आणि थांबले ते कायमचे. दादाजी गेल्यावर बाक त्यांच्याकडे आला. रीत तीच ठेवली. आपण आधी बोलायचं नाही. समोरचा विचारेपर्यंत चहा पाजायचा. कोणी दहा मिनिटांत विचारतो, कोणाला तीन तास लागतात, पण विचारतात सगळे, आणि सगळे तेच विचारतात. त्यानंतर माणूस माप द्यायला स्वतः उठतो.

सप्टेंबर निम्मा सरला तेव्हा वर्कशॉपच्या भिंतीवरच्या खुंट्या भरल्या होत्या. एकेका खुंटीला तयार पाय, पायाला नावाची चिठ्ठी. पूर्वी वर्षाकाठी एखाद-दुसरा पाय न नेता राहायचा. आता अकरा लटकत होते. फोन केले तर 'येतो' म्हणायचे आणि यायचे नाहीत. प्रशिक लॅपटॉप घेऊन आला. 'फिटिंग'च्या चौकटीत अकराचा आकडा साचला होता आणि पुढे सरकत नव्हता.

"बाण तर बरोबर आहे, काका. मंग माणसं काहून अडून राहिली?"

आनंदरावांनी खुंटीवरची एक चिठ्ठी वाचली. माया, सावनेर. शिवणकाम करणारी बाई होती, तिशीतली. जुलैत आली तेव्हा तिची नजर दोनदा बाकाकडे गेली होती, हे त्यांना आठवत होतं. तिसऱ्यांदा बघायच्या आत अंकुशची हाक आली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. एका लाल शेऱ्याला भिऊन आपण दादाजीचा बाक बुडवला. अजून पंधरा दिवसांनी आपण घरी जाणार, आणि असं काही होतं हे सांगायलाही कोणी उरणार नाही.

त्यांनी तो पाय खुंटीवरून काढला आणि कापडी पिशवीत घातला. "गाडी काढ गा," ते प्रशिकला म्हणाले. "फॉर्म मोठा नव्हता. चाल, दाखवतो तुले."

सावनेरला मायाच्या घरी शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. माया कुबड्या भिंतीला टेकवून खाटेवर बसली होती. पिशवीतून पायाचा पंजा दिसत होता. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. सासू जिजाबाईंनी चहा आणला. आनंदराव समोरच्या खुर्चीवर बसले आणि फुंकर मारत चहा प्यायले. बोलले नाहीत.

प्रशिकची घालमेल सुरू झाली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो. दोनदा त्याने तोंड उघडलं, दोनदा आनंदरावांनी डोळे वटारले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. जिजाबाईंनी न विचारता पुन्हा आधण ठेवलं. दुसरा चहा अर्धा झाला तेव्हा मायाने वर न बघता विचारलं.

"काकाजी, दुखते का?"

आनंदरावांनी पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. प्रशिकने हातातला कप खाली ठेवला. तीन महिने तो या माणसाशेजारी बसला होता आणि त्याला माहीत नव्हतं.

"दुखते, पोरी," आनंदराव म्हणाले. "सकाळी लावतानी लई दुखते. मंग कामाले लागलो का इसरून जातो."

माया त्या पायाकडे बघत राहिली. मग रडली, चांगली पोटभर रडली, आणि जिजाबाईही तिच्यासोबत रडल्या. डोळे पुसून झाल्यावर तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "इच्यावर चालन का?" आनंदराव म्हणाले, ते मले माहीत नाही, मले शिवता येत नाही, तूच पाहून सांग.

दुसऱ्या दिवशी प्रशिकने पडदा उघडला. नोंदणी आणि मापाच्या मधला बाण तोडून त्याने तिथं नवी चौकट ठेवली आणि तिला 'बाक' नाव दिलं. पुढे शंकरपाळी.

"किती वेळ लिहू, काका?"

"वेळ नको लिहू."

"मंग पुढं कधी जायचं?"

"तेनं विचारलं का जायचं."

प्रशिकने लिहिलं: 'दुखते का' विचारलं? हो, तर बाण मापाकडे. नाही, तर बाण पुन्हा बाकाकडे, आणि बाणावर 'एक चहा'. इंदुताईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि खाली सही केली. बाकीच्या दहा जणांना फोन गेले. 'फिटिंगला या' असं कोणी म्हटलं नाही. चहाला या, एवढंच सांगितलं. एकच अडचण राहिली. प्रत्येक चौकटीत ती सांभाळणाऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं, आणि आनंदरावांचं नाव तीस तारखेला निघणार होतं.

तीस तारखेला सकाळी निरोपाचे हार येऊन पडले होते. माया चालण्याच्या सरावाला आली होती आणि दम लागला म्हणून बाकावर टेकली होती. तेवढ्यात रिक्षातून कुबड्या घेऊन एक जाडजूड इसम उतरला. त्याच्या बायकोने त्याला बाकावर बसवलं आणि ती नोंदणीला आत आली. आनंदरावांनी नाव लिहून घेतलं. पडद्यावर 'बाक'ची चौकट उजळली. ते उठायला लागले, आणि खिडकीतून बघून पुन्हा खाली बसले.

मायाने चंद्रभानला दोन बोटं दाखवली होती. चहा आला. एक तिने त्या माणसाच्या हातात दिला. बोलली नाही. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. दुसरा चहा आला. आत प्रशिक, इंदुताई, अंकुश, सगळे खिडकीशी गोळा झाले होते, आणि कोणीही अंकुशला हाक मारायला सांगितलं नाही.

त्या माणसाचे ओठ हलले. मायाने साडी घोट्याच्या वर धरली आणि मान हलवून काहीतरी सांगितलं. ती 'नाही' म्हणत नव्हती, एवढं खिडकीतूनही कळत होतं.

आनंदरावांनी शंकरपाळीवर 'हो' दाबलं. बाण पुढे गेला. मग त्यांनी 'बाक'च्या चौकटीतलं आपलं नाव पुसलं, प्रशिकला सावकाश 'माया' लिहायला सांगितलं, आणि टेबलाला धरून उभे राहिले. पाय सकाळपासून दुखत होता. आज तो विसरायला त्यांच्याकडे काही काम उरलं नव्हतं.