कडेवरची बाजू

सत्यशीलाच्या हातांच्या शिरा सुयांना पार विटल्या होत्या. आतड्याच्या ऑपरेशननंतर केमो सुरू झाली आणि लगेच हात काळेनिळे पडले. म्हणून नगरच्या दवाखान्यात भागवत डॉक्टरांनी कोटाच्या बटणाएवढी डबी टेबलावर ठेवली. ही छातीच्या कातडीखाली बसवायची, तिची नळी मोठ्या शिरेत सोडायची. मग सगळं औषध डबीतूनच.

सत्यशीलाने ती उलटसुलट करून पाहिली. "शिरेत नळी घालता कशी?"

"दोन तऱ्हा आहेत. खांद्याजवळ चीर देऊन शीर उघडी करायची आणि बघून नळी सरकवायची. त्यात फुप्फुसाला सुई लागायची भीती नाही, पण तिथली शीर कधी फार बारीक निघते. नाहीतर सोनोग्राफीत बघत मानेतल्या जाड शिरेत सुई घालायची, नळी कातडीखालून डबीपर्यंत आणायची."

"म्हणजे पाइपलाइनच. एक तर उकरून बघा, नाहीतर वरून भोक पाडा."

"जवळजवळ. फक्त इथं गळती चालत नाही."

नातवाला, पार्थला, मांडीवर घेऊन बसलेली सासू, कडूबाई, म्हणाली, "डाक्टर, हिला इच्चारू देऊ नगा. सांजपतुर उठायची न्हाई ही."

डॉक्टर हसले. "उजव्या हाताने काम करता ना? मग डावीकडे चीर देऊ." गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली त्यांनी बोटाने जागा दाखवली. सत्यशीलाने मान डोलावली.

तेवढ्यात पार्थ किरकिरला. तिने त्याला डाव्या कडेवर घेतलं. भाकरी थापायला, गवत उपटायला उजवा हात मोकळा राहावा म्हणून सगळ्याच बाया घेतात तसं. त्याने डोकं टेकलं ते नेमकं डॉक्टरांच्या बोटाच्या जागी. केमोपायी त्याचं अंगावरचं पिणं तुटलं होतं. आता एवढीच जागा त्याची उरली होती.

"इथं नको," ती म्हणाली.

डॉक्टर उठून जवळ आले, पोराचं डोकं कुठं येतंय ते पाहिलं. "मग उजवीकडे."

"तिकडं चीर देऊन होईल?"

"होईल. पण शीर बारीक निघाली तर ऐन वेळी बेत बदलावा लागेल. मानेतून गेलो तर उजवीकडची वाट सरळ आहे."

तिने जरा विचार केला. "मग मानेतूनच. पण उजव्या हाताने विळा धरता येईल?"

"जखम भरेपर्यंत विळाही नाही आणि मूल उचलायचंही नाही."

"इळ्याचं मी बघते," कडूबाई म्हणाली. "पोराचं तू बसल्या जागी बघ."

डबी बसवून घरी आल्यावर सत्यशीला भिंतीला टेकून बसली. कडूबाईने पार्थला तिच्या डाव्या अंगाला आणून बसवलं. त्याने उजवीकडची पट्टी निरखली.

"काय हाय?"

"औषधाची डबी."

"उघड."

"ती दवाखान्यातच उघडतात."

त्याला हे पटलं नाही. पट्टीकडे बघत बघतच त्याने डावीकडे डोकं टेकलं.