वरच्या तीन पायऱ्या

घड्याळजींनी भिंग डाव्या डोळ्याला लावलं, पत्र दिव्याखाली सरकवलं आणि तळाची बारीक अक्षरं वाचायला घेतली. चाळीस वर्षं ते भिंग उजव्या डोळ्याला बसत आलं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते डावीकडे आलं, पण तिथे अजून रुळलं नव्हतं. मधूनच निसटून पत्रावर पडायचं आणि घड्याळजी ते उचलून पुन्हा लावायचे.

समोर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती. गल्लीतली निम्मी मुलं तिने शिवलेले गणवेश घालून शाळा शिकली, म्हणून सगळे तिला शिवणकाकू म्हणत.

"मोठ्याने वाचा की," काकू म्हणाल्या.

"वाचतोय."

"मनात वाचताय. मला काय कळणार?"

घड्याळजींनी घसा साफ केला. "पाळीव प्राणी, कुत्री. नाव गुंडी. वय अकरा वर्षं. दावा मंजूर."

"पुढे?"

"पुढे काय. एक्सेस वजा करून उरलेली रक्कम खात्यात जमा केली आहे."

"एक्सेस म्हणजे?"

"आपला हिस्सा. आपण भरायचा."

"ते लेक म्हणाली होती मला. पण खात्यात आले त्यावरून तिने सांगितलं त्याच्या दुप्पट कापलेलं दिसतं."

घड्याळजींनी भिंग काढलं. पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "दोनदा कापलंय. दोन आजार, म्हणून दोनदा. जाऊ दे, आले तेवढे आले."

काकूंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. हा माणूस एका चुकीच्या आलेल्या स्क्रूसाठी भर उन्हात ठोक बाजारात परत गेलेला त्यांनी पाहिला होता. घड्याळाचा पट्टा दोन भोकं जास्त पाडून दिला म्हणून पट्टेवाल्याशी तीन वर्षं बोलत नव्हता.

"जाऊ दे कसं? जीव एकच गेला ना? मग आजार दोन कुठून आले?"

"कंपनी आहे ती. तिच्याशी कोण डोकं लावणार?" घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी एक मनगटी घड्याळ पालथं करून त्याचं झाकण उघडायला घेतलं. झाकण आधीच उघडलेलं होतं.

विमा काढला होता लेकीने. लग्न होऊन दूर गेली तेव्हा आईवडिलांना म्हणाली, तुम्ही दोघं स्वतःचं औषध वेळेवर घेत नाही, निदान गुंडीचं तरी घ्याल. तेव्हा घड्याळजी खूप हसले होते. "आमचा विमा कोणी काढेना, आणि राणीसाहेबांचा निघाला!" गुंडी हे नावही तसंच हसण्यातून पडलेलं. पिल्लू घरात येऊन चार दिवस झाले नाहीत, तोवर तिने काकूंच्या डब्यातलं शर्टाचं बटण गिळलं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, नावातच गुंडी, ती सरळ कशी वागणार? आणि ती मात्र आयुष्यभर दुकानाच्या उंबऱ्यावर पाय जवळ घेऊन बसली, कोणावर कधी धड भुंकली नाही.

काकूंनी टेबलावरचं पत्र उचललं. "मी विचारते फोन करून."

"अगं, कशाला?"

"कशाला म्हणजे? कळू दे तरी."

त्या जिन्याकडे वळल्या. दुकानाच्या मागच्या बाजूने चौदा लाकडी पायऱ्या वर घराकडे जात होत्या. घड्याळजी काहीतरी म्हणायला उठले आणि पुन्हा बसले.

पैशाचं काकूंना फारसं नव्हतं. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते ओळखीच्या कोणाला विचारायची हिंमत नव्हती. स्वयंपाकघरात ओट्याखाली स्टीलचा एक वाडगा अजून पालथा होता. गेल्या महिन्याच्या सोळा तारखेला गुंडीने त्यातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं, तेव्हा काकूंनी उरलेलं कागदात गुंडाळून टाकलं आणि वाडगा घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. घड्याळजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, मनाला त्रास करून घ्यायचा नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. "रडायलाही बंदी?" असं घड्याळजींनी तेव्हा थट्टेने विचारलं होतं. "महिनाभर बंदी," डॉक्टर म्हणाले होते. या माणसाचा जीव त्या कुत्रीत किती, हे काकूंना माहीत होतं. त्यांच्या डोळ्याची तपासणी होऊ दे, मग सांगू, असं म्हणत त्यांनी रोज वाडगा पालथा घातला. चोवीस तारखेला गुंडी उंबऱ्यावरून उठेना, तेव्हा दोघं तिला घेऊन दवाखान्यात गेले. सव्वीसला ती गेली.

आठ दिवस. काकू मशीनवर बसल्या की पायाखालची पट्टी तेच मोजायची. आठ दिवस, आठ दिवस.

म्हणून पत्रात दोन आजार म्हटल्यावर त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं. कदाचित जेवण टाकणं वेगळं असेल. जिने तिला नेलं ती गोष्ट दुसरीच असेल, अचानक आलेली, कोणाच्या हातात नसलेली. तसं असेल तर कोणीतरी ते त्यांना एकदा सांगावं. अनोळखी असलं तरी चालेल.

त्या मशीनपाशी बसल्या. ही त्यांची रोजची जागा. इथून जिना दिसत नसे, पण ऐकू येई. दुपारी दुकान मिटलं की आधी घड्याळजींच्या चपला, मागून गुंडीची नखं, लाकडावर टकटक चौदा वेळा. शेवटच्या दिवसांत तर ती म्हातारी पोरगी होऊन गेली होती. घड्याळजी सावकाश चढत यायचे आणि अगदी वर आल्यावर गुंडीची नखं तीनदाच वाजायची. टक, टक, टक, की आत. "उड्या मारत येते हो हल्ली," असं काकूंनी लेकीला कौतुकाने कळवलंही होतं.

फोनवर बराच वेळ सनई वाजली. मग एक बाई बोलू लागली. आवाज तरुण होता, थकलेला होता, पण तुसडा नव्हता.

"बोला मॅडम, पॉलिसी नंबर सांगा."

काकूंनी एकेक आकडा सांगितला.

"हो, दिसतंय. गुंडी. वाईट वाटलं मॅडम. काय शंका आहे?"

"एक्सेस दोनदा कापलाय. का ते विचारायचं होतं. आधी मला ते एक्सेसच नीट सांगा बाई, लेक घाईत सांगते, मला कळत नाही."

"सांगते ना. प्रत्येक आजाराचा जो खर्च होतो, त्यातला पहिला ठरलेला हिस्सा पाळणाऱ्याने सोसायचा. त्याच्या वर जे होईल ते आम्ही बघतो. आजार दोन असले, तर तो पहिला हिस्सा दोनदा."

"म्हणजे पहिलं ओझं आपलं आपण उचलायचं, मग तुम्ही हात लावणार."

बाई जरा हसली. "तसंच काकू. काकू म्हटलं तर चालेल ना?"

"सगळं गाव म्हणतं. पण आमचे आजार दोन कसे धरले?"

"तारखा दोन आहेत. तुम्ही फॉर्मवर लिहिलंय, सोळा तारखेपासून जेवण कमी. आणि दवाखान्याच्या कागदात तीन तारीख आहे."

"तीन?"

"तीन. थांबा, वाचून दाखवते. 'मालक सांगतात, तीन तारखेपासून जिना चढताना धाप लागते, मध्येच बसते. रोज उचलून वर नेतो. वरच्या तीन पायऱ्यांवर खाली सोडतो.' असं लिहिलंय डॉक्टरांनी. म्हणून आमच्याकडे धापेचं एक आणि पोटाचं एक, असे दोन नोंदले गेले."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. काही वेळ त्यांना मशीनच्या चाकावरची धूळच दिसत राहिली.

त्या दिवशी दवाखान्यात त्या बाहेरच्या काउंटरवर फॉर्म भरत होत्या. आत टेबलापाशी घड्याळजी गुंडीचं डोकं धरून उभे होते. तेव्हाच सांगितलं असणार. डॉक्टरांपासून लपवून चालत नाही, तिथे त्यांनी सांगितलं.

वीस किलोची कुत्री. ज्याला बादली उचलायची नाही, त्या माणसाने रोज अकरा पायऱ्या. आणि वर मशीनवर बायको कान देऊन बसलेली आहे, तिला नखं ऐकू आली पाहिजेत, म्हणून शेवटच्या तीन.

"काकू? आहात ना?"

"आहे. बाई, खरं सांगा. आजार एकच होता की दोन?"

"खरं तर तुमच्या डॉक्टरांशी आमचं बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, दोन्ही हृदयामुळेच. हृदय थकलं की धाप लागते, मग जेवणही सुटतं. तुम्ही असं करा, त्यांच्याकडून तशी एक ओळ लिहून घ्या. आणि पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी एक कागद सही करून द्यायचा, की हा एकच आजार होता आणि तो तीन तारखेला पहिल्यांदा माझ्या लक्षात आला. मिस्टरांचं नाव आहे ना पॉलिसीवर? मग त्यांनीच लिहायचं. एक एक्सेस परत मिळेल."

"तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायची?"

"हो, हातानेच."

"आणि तीन तारखेलाच तिला आणलं असतं तर?"

पलीकडे खुर्ची करकरली. "ते मला नाही सांगता येणार काकू." मग ती म्हणाली, "माझ्याकडे बोका आहे. त्यांचं काही कळतच नाही आपल्याला. लपवतात ती."

"लपवतात खरं," काकू म्हणाल्या.

सोळा ते चोवीस, हे आठ दिवस एकटीच्या पदरात बांधून त्या महिनाभर फिरत होत्या. त्याआधीचे तेरा दिवस दुसऱ्या कोणाच्या पदरात होते, हे कळल्यावर आपलं गाठोडं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट दोन्ही गाठोडी एकाच खुंटीला लटकलेली दिसली आणि खुंटी फार जुनी, फार ओळखीची होती.

"हा कागद नाही दिला तर?"

"मग आहे तसंच राहील. दोन वेगळे आजार. फाइल बंद होईल."

"पुन्हा कोणी उघडणार नाही?"

"नाही."

"मग राहू देत दोन."

"अहो काकू, रक्कम थोडीथोडकी नाही. चार ओळींचं तर काम आहे."

"कळतं मला. त्या चार ओळी फार महाग आहेत," काकू म्हणाल्या. "बोक्याला जपा."

फोन ठेवून त्या तशाच बसल्या. शिवायला घेतलेल्या गणवेशाची बाही मशीनवर लोंबत होती. त्यांनी ती काढली, घडी केली, बाजूला ठेवली.

चारच्या सुमाराला खाली दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. मग चपला. एक, दोन, तीन. महिनाभर काकूंनी हा आवाज ऐकला होता, पण मोजला नव्हता. आज मोजला. अकराव्या पायरीवर चपला थांबल्या. रोजच थांबत असतील. चपलांच्या मागून काहीच वाजलं नाही. मग त्या पुढच्या तीन पायऱ्या चढल्या आणि दारात आल्या.

"लागला का फोन?" घड्याळजींनी विचारलं. ते चौकटीला धरून उभे होते. डाव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता.

"लागला."

"काय म्हणाली ती?"

"चांगली होती बिचारी. म्हणाली, पत्रात लिहिलंय तेच बरोबर. आजार दोन होते."

"दोन?"

"दोन. अगदी वेगळे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, म्हणाली."

"असं म्हणाली?"

"तसंच. म्हणून दोनदा कापलं. मी म्हटलं, नियमच आहे तर कापा." काकूंनी मशीनवरचा एक दोरा उचलून बोटाला गुंडाळला. "जिन्याचं वेगळं होतं, पोटाचं वेगळं."

घड्याळजी हलले नाहीत. जिन्याबद्दल या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. ते बायकोकडे पाहत राहिले. ती दोऱ्याकडे पाहत होती.

मग ते म्हणाले, "अगं, तो डोळ्यांचा डॉक्टर काय म्हणाला होता? किती दिवस पाणी यायला नको?"

"एक महिना."

"झाला का महिना?"

"होऊन गेला हो. कधीच होऊन गेला."

घड्याळजींनी मान हलवली. ते आत आले नाहीत. वळून सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसले. शर्टाच्या पाठीवर खुर्चीच्या दांड्याची सुरकुती पडली होती. ती आधी स्थिर होती.

काकूंनी पाय पट्टीवर ठेवला आणि मशीन सुरू केलं. जोरात, भरधाव, जिन्यातलं काही ऐकू येऊ नये इतकं. सुईत दोरा नव्हता आणि खाली कापडही नव्हतं.