रेडिओच्या खड्ड्यातली घागर

माह्या पोराचा आवाज रेडिओवर येनार होता, अन् रेडिओ मेला नुसता घूंऽऽ करून राह्यला होता!

उत्तम लढाईत जखमी झाला, इतलीच तार आली होती. लढाई सरली, होळी गेली, पोराचा कागद नाई. देऊळघाटातल्या बाया मले पाहून बोलनं थांबवत. मंग त्याच्या पलटनीतला एक गडी सुट्टीवर आला. म्हने, "मावशी, उत्तम दवाखान्यात हाये. रेडिओवाल्याईनं जवानाईचे निरोप भरून नेले. आयतवारी संध्याकाळी लागतीन."

माही सून शालू म्हने, "कानानं आयकीन तवा खरं."

आयतवारी ग्रामपंचायतीपुढं सारं गाव जमलं. लिंबावरच्या भोंग्यातून घूं, घूं, घूं. निरोप सुरू झाले, पन कोन बोलते, काय बोलते, काई समजेना. पंचायतीचा शिपाई इंद्रभान रेडिओच्या खोक्याले थापडा मारे.

"काऊन बे, मारून बोलते का थे?" मी वरडली.

"काकू, अर्थिंग सुकली. खोक्याची तार ह्या खड्ड्यात गाडली हाये. माती वली पाह्यजे. दर हप्त्याले घागर वतत होतो, औंदा सरपंचानं बंद केलं. मानसाले प्याले पानी नाई, खड्ड्याले कुठून द्याव?"

म्या पदर पसरला. "बाप्पाहो, तांब्या तांब्या तरी द्या!"

सारे दोन पावलं मांगं सरले. आयकाले मातर पुढं! लय राग आला मले. पन कोनाच्या घरी होतं पानी?

मी घरी पयाली. एकच घागर होती. शालूनं नदीच्या रेतीत खांदलेल्या झिऱ्यावर बसून वाटी-वाटीनं भरलेली. तिचं लेकरू तापानं फणफणत होतं, पानी मांगत होतं. नातवाच्या तोंडचं मातीत कसं वतू, देवा?

शालूनं लेकराले दोन घोट पाजले, शेजारच्या झुंबरबाईपाशी देल्लं, अन् घागर सोताच डोक्यावर घेतली. "चाला, आत्याबाई."

अर्धी वतली. मातीनं गटागटा पेली. घूं तसंच.

"सारी वता, काकू!"

सारी वतली. थेंब ठेवला नाई. मंग घूं बारीक झालं, अन् भोंग्यातून माहा पोरगा बोलला.

"माय, मी उत्तम. पायाले लागलं, पन बरा हाओ. शालू, काळजी नको करू."

शालू रिकामी घागर पोटाशी धरून खाली बसली. मी तिले धरलं. जित्ता हाये व माय, माहा उत्तम जित्ता हाये!

"माय, इथी नळाले दिवसभर पानी येते. तुमची आठवन येते, तं घोट उतरत नाई. घरी पानी हाये ना? लेकराले भेटते ना?"

शालूच्या मांडीवर रिकामी घागर आडवी पडली होती.

मी भोंग्याकडं तोंड करून जीव तोडून वरडली, "हाव रे राजा! हाये पानी! लय हाये!"