दोन अँटेनांचं कार्ड

रंभामावशीबरोबर दुकानात जायचं म्हणून भावेशने इस्त्रीचा शर्ट घातला. तो खारघरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा, त्यामुळे नातेवाइकांत अशा बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. करंजाड्याला मावशीच्या घरी राउटर खाली होता आणि नात समीक्षाचा कॉम्प्युटर माडीवर. त्या कॉम्प्युटरला स्वस्तात वायफाय जोडायचं होतं.

दुकानदार हेतलबेनने यूएसबीत खोचायचा नखाएवढा वायफाय डोंगल पुढे ठेवला. "साडेचारशे. घरच्या अभ्यासाला पुष्कळ झालं. पण कॉम्प्युटर कसा आहे तुमचा?"

"साधा डेस्कटॉप. असले पन्नास आहेत माझ्या हाताखाली." आजूबाजूची गिऱ्हाइकं ऐकत होती. "हे खेळणं नको. सीपीयूच्या डब्यात बसतं ते कार्ड द्या, दोन अँटेनांचं."

किंमत चौपट होती. मावशीने डोंगलकडे एकदा पाहिलं आणि बटवा उघडला. "तू सांगशील तसं. आमाला काय कळतंय!"

माडीवर समीक्षाने कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. टेबलावर नुसता पडदा होता. सगळं यंत्र त्याच्याच पाठीत. कार्ड बसवायला डबाच नव्हता. उगाच मागचे स्क्रू चाचपत तो पुटपुटला, "कार्डच खराब दिसतंय."

मावशी त्याला घेऊन तशीच दुकानात परतली.

"खराब?" हेतलबेनने विचारलं. "लावलं कशात?"

मावशीने भाबडेपणाने घरच्या कॉम्प्युटरचं वर्णन केलं. हेतलबेनने मान वर करून भावेशकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं, आणि तिला काय उमगायचं ते उमगलं.

"माझंच चुकलं, बाय," ती घाईने म्हणाली. "यानं इचारलं होतं. मीच धड सांगितलं नाय."

त्याने काहीच विचारलं नव्हतं. त्याने कार्डाचं खोकं काउंटरवर पुढे सरकवलं. हेतलबेनने कार्ड परत घेतलं, डोंगल दिला, उरलेले पैसे मावशीच्या हातात ठेवले. परतताना रिक्षात भावेश बाहेरच बघत राहिला.

डोंगल दोन मिनिटांत चालू झाला.

"काका, मग ते कार्ड खराब होतं?" समीक्षाने विचारलं.

"अगं, ते मीच..." मावशीने सुरुवात केली.

"नाही," भावेश म्हणाला. "कार्ड चांगलं होतं. मी काही न विचारता घेतलं. आणि दुकानात मावशी माझ्यासाठी खोटं बोलली."

समीक्षा हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आजीकडे पाहिलं. मावशी चहा टाकायला खाली गेली.