सात महिन्यांची घरपट्टी

आई गेल्यावर विकायला काढलेल्या घराचे कागद बाजूला सारून वकीलबाईंनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. घरपट्टीचे पाच महिने विकणाऱ्या बहीण-भावाचे, सात महिने घेणाऱ्यांचे. थोरलीने वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात, सूट मिळते म्हणून, अख्ख्या वर्षाचा कर भरून टाकला होता. तेव्हा सात महिन्यांचे पैसे घेणाऱ्या जोडप्याने परत द्यायचे. त्यांनी काही घासाघीस केली नाही. भली माणसं होती.

"दोन चेक करा, अर्धे अर्धे," धाकटा म्हणाला. "घर दोघांचं, तर करही दोघांचा."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई अंथरुणाला खिळल्यापासून कराच्या खिडकीसमोर दरवर्षी तीच उभी राहिली होती. धाकट्याने फोनवरून उंटावरून शेळ्या हाकल्या: नर्स बदल, डॉक्टर बदल, गच्चीला डांबर लावून घे. पैशाचा विषय निघाला की साहेबांची मीटिंग सुरू व्हायची. आणि आता तोंड वर करून अर्धे!

"करही दोघांचा ना? मग एवढ्या वर्षांचा अर्धा कर आधी टेबलावर ठेव."

"आईचा हिशोब काढतेस, ताई? चार लोकांत?"

"घराचा काढतेय. आईचा काढला तर तुला परतीच्या तिकिटालाही उरायचं नाही."

घेणाऱ्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. थोरलीने पेनचं टोपण लावलं आणि हाताची घडी घातली. तिच्या सहीवाचून व्यवहार पुढे सरकणार नव्हता, आणि धाकट्याची परतीची गाडी तीन तासांत सुटणार होती.

त्याने दोनदा घड्याळ पाहिलं. "बरं बाई, घे सगळं. एवढ्याशा रकमेसाठी तमाशा नको."

म्हणजे वर उपकार! इतकी वर्षं तिने मूग गिळले होते, ते काय याच्याकडून भीक घेण्यासाठी?

"तू देणारा कोण?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेरचा शिपाई दारातून डोकावला. "वकीलबाई, याला कोरा कागद द्या. लिही, तुझ्या हाताने. या घराचा कर इतकी वर्षं माझ्या बहिणीने एकटीने भरला. मी एक पैसाही दिला नाही. खाली सही कर. मग मी करते."

"अहो, चेक तुमच्या नावाने करायला सांगते की मी. कागदाची कायद्याने काही गरज नाही," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

"कायद्याला नसेल. मला आहे."

धाकट्याने कागद ओढला आणि रागारागाने लिहायला सुरुवात केली. अर्ध्या ओळीवर पेन थांबलं.

"किती वर्षं लिहू?"

"आई जितकी वर्षं अंथरुणावर होती, तितकी."

त्याने खाली पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग मान वर करून त्याने वकीलबाईंकडे पाहिलं, जणू त्यांना ठाऊक असेल.