कानशीच्या डाव्या रेघा

कोगिला कुप्पनकडे मासेमारीचं जुनं रीळ घेऊन जायचं, तर आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. कुणी पितळ घासूनपुसून लखलखीत करून आणलं की ती म्हणायची, "लग्नाला न्यायचंय का याला?" कुणी गंजाच्या भीतीनं आत स्वयंपाकाचं तेल ओतलेलं असलं की म्हणायची, "छान. आता वडेही तळ यातच." तरी डर्बनच्या किनाऱ्यावर जुन्या रिळांचे जेवढे वेडे होते, त्या सगळ्यांना मेरबँकमधल्या तिच्या गॅरेजची वाट तोंडपाठ होती. बाईचा स्वभाव तिखट, पण हात असा की तीस-चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं रीळ तिच्या बाकावरून उठताना मुकाट फिरायला लागायचं.

तिची खरी माया होती ती स्कारबरोवर. ताटाएवढं गोल लाकडी रीळ, मागे पितळी तबकडी, ना गिअर ना ब्रेक. समोर मासा पळत सुटला की त्याला थोपवायला आपला तळहात, बस. तळहात सोलून निघतो, पण इथल्या माणसाला दुसरं काही दिलं तर ते हातात खेळणं धरल्यासारखं वाटतं.

त्या शनिवारी सकाळी डर्क रौटनबाख आला. बंदरात जहाजं आत आणण्यात त्याची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर सगळा जीव रिळांत. संग्राहकांच्या मंडळानं किनाऱ्यावरच्या जुन्या रिळांची एक सचित्र यादी काढायची ठरवली होती. ते काम त्याच्या गळ्यात होतं, आणि सोमवारी पानं छापायला जायची होती. त्यानं फडक्यातून एक रीळ काढून बाकावर ठेवलं. एकाहत्तर सालचं, सागवानी, मध्यभागी शहरातल्या एका जुन्या दुकानदाराचा पितळी बिल्ला.

कोगिलानं ते उचललं, कानाशी नेऊन फिरवलं आणि खाली ठेवलं.

"अप्पांचं आहे," ती म्हणाली.

"बिल्ला दुकानाचा आहे, कोगी."

"बिल्ला काय, मी तुझ्या कपाळावरही ठोकीन. म्हणून तुला मी जन्म दिला का?"

हे भांडण जुनं होतं. कोगिलाचे वडील अरुमुगम कुप्पन याच गॅरेजमध्ये रिळं घडवायचे, दुकानदार ती घेऊन त्यावर आपला बिल्ला लावायचा, आणि आज संग्राहक त्या बिल्ल्यापुढे हात जोडायचे. त्यातून सदुसष्ट साली गोदीवर काम करताना साखळीत सापडून अरुमुगमच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तरी रिळं थांबली नाहीत. दोन बोटांच्या हातानं माझ्या बापानं किनारा पोसला, हे कोगिला येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. सांगताना तिचा आवाज भरून यायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. यादीत बापाचं नाव छापून यावं, एवढी एकच गोष्ट तिला या वयात हवी होती.

"मंडळाला पुरावा लागतो," डर्क म्हणाला. "तुझा कान छापता येत नाही."

"मग उघडू. लाकूड एका बाजूला जड असतं, म्हणून अप्पा तबकडीखाली तीन भोकं पाडून त्यात शिसं ओतायचे. मधलं भोक लहान. असं दुसरं कुणी करत नव्हतं."

"रिव्हेट मूळचे आहेत. पन्नास वर्षांत याला कुणी हात लावलेला नाही. तू ते काढलेस तर रिळाची किंमत अर्ध्यावर येईल."

"आणि नाही काढले तर माझ्या बापाची शून्यावर राहील. बोल."

डर्कनं डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली आणि मान हलवली. माणूस भला होता. किंवा कोगिलाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय हे त्याला ठाऊक होतं.

तिनं एकेक रिव्हेट अलगद काढला आणि तबकडी उचलली. आत तीन भोकं, मधलं लहान, तिन्हींत शिसं. डर्कनं हळूच शीळ घातली. कोगिलानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती. तिनं फक्त दिवा जवळ ओढला आणि तिथंच थबकली.

ओतलेलं शिसं वर आलं की ते कानशीनं सपाट करावं लागतं. कानशीच्या रेघा शिशावर राहतात. अप्पांच्या रेघा उजवीकडे कललेल्या असत. घरात जपून ठेवलेल्या त्यांच्या दोन पहिल्या रिळांवर त्या तशाच होत्या. या रेघा डावीकडे कलल्या होत्या.

अशा डाव्या रेघा तिनं आधीही पाहिल्या होत्या. अकरा रिळांत. मधे कुण्या अडाण्यानं उघडून वाट लावली असणार, असं म्हणून तिनं अकराच्या अकरा जागी त्या घासून काढल्या होत्या आणि वरून अप्पांसारख्या उजव्या रेघा मारल्या होत्या. अभिमानानं. पण हे रीळ तर कधी उघडलंच गेलं नव्हतं. म्हणजे या रेघा ज्यानं रीळ घडवलं त्याच्याच.

तिनं रीळ दिव्याखाली तिरपं धरलं. मग डोकं चाललं आणि चेहरा उजळला.

"डर्क, अरे, बोटं गेल्यावर अप्पा डाव्या हातानं करायला लागले असणार! उजवा हात गेला तर माणसानं डावा तयार केला. कळतंय का तुला? आणि मी मूर्ख, त्याच रेघा पुसत बसले."

"हे छापण्यासारखं आहे," डर्क म्हणाला. तोही खूष झाला होता. त्यानं वही उघडली. "नीट सांग. अरुमुगम कुप्पन यांनी अपघातानंतर डाव्या हाताने..."

"कुणी?"

दारात अंगम्मा उभी होती, कोगिलाची आई. सत्त्याऐंशी वर्षांची. बाहेर नळाखाली शॅड मासे साफ करत होती, तशीच उठून आली होती. हाताला खवले चिकटलेले.

"अप्पांनी, अम्मा. डाव्या हातानं रिळं केली त्यांनी."

"तुझ्या बापाला डाव्या हातानं भात कालवता येत नव्हता," अंगम्मा म्हणाली. "मी भरवायचे."

अंगम्माच्या डाव्या मुठीत सुरी होती. ती नेहमी तिथंच असायची. साठ वर्षं कोगिलानं आईला त्याच हातानं मासे कापताना, आंब्याच्या फोडी करताना, वेणी घालताना पाहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

"आंटी," डर्क जपून म्हणाला, "रिळं तुम्ही केलीत?"

"मग काय दुकानदार येऊन करणार होता? घरात खायला नको? लाकूड हे आणायचे, शेजारी बसून सांगायचे, लेथ मी चालवायचे. दुकानात हेच घेऊन जायचे. बाईनं केलेलं रीळ कोण घेतंय." तिनं कोगिलाकडे पाहिलं. "तू शाळेतून यायच्या आत माझे हात धुतलेले असायचे. त्यांनी सांगितलं होतं, पोरीला कळू देऊ नकोस, तिला बापाचा फार अभिमान आहे."

"आणि ते गेल्यावर? चौतीस वर्षं, अम्मा. मी येईल त्याला सांगत होते..."

"सांगताना तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी मधे कशाला तोंड घालू? पण आता छापणार म्हणता, म्हणून बोलले. बोलण्यात काय, वाऱ्यावर जातं. छापलेलं राहतं."

कोगिलाला एकच विचारायचं होतं. विचारायची हिंमत होत नव्हती, आणि हिंमत होत नाही हा अनुभव तिला नवा होता.

"मी त्या रेघा घासायचे, ते तू पाहिलं होतंस?"

"एकदा. चहा घेऊन आले होते. तू म्हणालीस, बघ अम्मा, कुण्या गाढवानं कसं बिघडवून ठेवलंय." अंगम्मा हसली, खरंच हसली. "मी चहा ठेवला आणि आत गेले."

कोगिला रडली. तिला रडताना डर्कनं आजवर पाहिलं नव्हतं. तो भिंतीवरच्या पकडी मोजत उभा राहिला. अंगम्मानं हाताचे खवले पदराला पुसले, बाकाजवळ येऊन त्या शिशावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मधलं जरा जास्त भरलं गेलंय. सागवान भिजलेलं होतं त्या वर्षी."

मग कोगिलानं नाक पुसलं आणि पुन्हा कोगिला झाली.

"लिही, डर्क. एकाहत्तर सालचं हे रीळ, घडवणारी अंगम्मा कुप्पन."

"ह्यांचं नाव घाल," अंगम्मा म्हणाली. "लाकूड त्यांचं असायचं."

"लाकूड आणि मोजमाप, अरुमुगम कुप्पन. लिहिलंस? आता पुढे लिही. याच हातची आणखी अकरा रिळं आहेत, कुणाकुणाकडे आहेत ते मी सांगते. त्यांच्यावरच्या रेघा मूळच्या नाहीत."

डर्कनं पेन्सिल थांबवली. "कोगी, हे नको. अकरा रिळांच्या मूळ खुणा दुरुस्तीत गेल्या म्हटलं तर तुझ्याकडे पुन्हा कोण काम आणेल? लोक विचारतील, कुणी घालवल्या."

"विचारायला कशाला लावतोस? तेही लिही."

"काय लिहू?"

"अंगम्मा कुप्पन हिच्या खुणा कोगिला कुप्पन हिनं घासून काढल्या." ती जराशी थांबली. डर्कला वाटलं, संपलं.

"मुलगी," ती म्हणाली. "नावापुढे मुलगी असं लिही."